शून्य कसोटी, तरीही हॉल ऑफ फेम?

सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा हॉस्टेलमध्ये एक वाद हमखास रंगतो: निवृत्त खेळाडूंपैकी ग्रेट कोण? आवाज चढतात, निकाल मात्र लागत नाही. कारण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. म्हणून हा वाद जरा आपल्या पद्धतीने, म्हणजे आकडे मांडून सोडवून बघू.

आयसीसीचे हॉल ऑफ फेम २००९ मध्ये सुरू झाले. पहिल्याच यादीत गावसकर, कपिल देव आणि बिशनसिंग बेदी होते. विनू मंकड यांना २०२१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर ४३ वर्षांनी जागा मिळाली. हे सगळे कसोटी खेळलेले. मग ज्यांना कसोटीची टोपीच मिळाली नाही, त्यांचं काय?

उमेदवार पहिला : भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, मैदान आपल्या पुण्याचेच, पूना क्लब. काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम अवघ्या ९ धावांवर होता, पण काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला! प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाची ही आजही सर्वोच्च खेळी आहे.

उमेदवार दुसरा : मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर. १२४ प्रथमश्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध चेन्नईत त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले.

आता मोजपट्ट्या लावू.

१) शिखर : इथे निंबाळकर पुढे. एका डावात एवढी उंची दुसऱ्या कोणत्याच भारतीयाने गाठली नाही.

२) सातत्य : निंबाळकरांच्या एकूण ४८४१ धावांपैकी ९ टक्क्यांहून जास्त त्या एकाच डावातल्या. तरी ४७.९३ ची सरासरी म्हणजे काही गंमत नाही. पण दोन दशकांहून जास्त काळ बळी काढणारे शिवलकर इथे सरस ठरतात.

३) संधी : खरी मेख इथे आहे. शिवलकरांच्या काळात भारतीय संघातली डावखुऱ्या फिरकीची जागा बेदींकडे होती. बेदींचे कसोटीत २६६ बळी. त्यांना काढणार तरी कोण? हरियाणाचे राजिंदर गोयल तर प्रथमश्रेणीत ७५० बळी घेऊनही बाहेरच राहिले.

कोणी म्हणेल, "रणजीतले बळी आणि कसोटीतले बळी सारखे कसे?" बरोबर आहे, सारखे नाहीतच. बेदींची प्रथमश्रेणी सरासरी २१.६९, म्हणजे शिवलकरांपेक्षा थोडी जास्त. एवढ्यावरून शिवलकर बेदींपेक्षा श्रेष्ठ ठरत नाहीत, पण ते त्याच पंक्तीत बसू शकले असते, एवढं नक्की दिसतं. रीडिंग शून्य आलं म्हणजे दर वेळी करंट शून्य असतो असं नाही. कधीकधी मीटर जोडलेलाच नसतो.

बीसीसीआयने निंबाळकरांना, आणि पुढे २०१७ मध्ये शिवलकर व गोयल यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. निंबाळकर २०१२ मध्ये, गोयल २०२० मध्ये आणि शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले. मंकडांसाठी दार उशिरा का होईना उघडलं. या तिघांसाठीही उघडायला हवं. पहिला नंबर मात्र आमच्या मते शिवलकरांचा.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर भांडा. फक्त आधी मोजपट्टी कागदावर लिहा, मग नाव घ्या!