पूररेषेतून घर वगळता येते का?

प्रश्न : न्यू जर्सीत नदीजवळ आमचे घर आहे. फेमाच्या (अमेरिकेच्या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशात ते पूरक्षेत्रात येते, म्हणून बँकेने पूरविमा सक्तीचा केला आहे. घर तर चढावर आहे. ते नकाशातून वगळता येईल का?

उत्तर : येईल, पण चढ डोळ्यांना दिसून भागत नाही, तो मोजावा लागतो. फेमाचे नकाशे मोठ्या पट्ट्यांचे असतात; त्यात एखादा उंचवटा सुटतो. त्यासाठीच ‘लोमा’ हे नकाशा-दुरुस्तीचे पत्र असते. त्याच्या अर्जाला फेमा शुल्क घेत नाही. खर्च होतो तो परवानाधारक सर्व्हेअरचा. तो घराला लागून असलेल्या सर्वांत खालच्या जमिनीची उंची मोजतो. लोक इथेच फसतात. जोत्याची उंची बघतात आणि डेकचे खांब किंवा तळघराच्या बाहेरच्या पायऱ्या विसरतात. ही जमीन शंभर वर्षांच्या पुराच्या पातळीइतकी किंवा त्याहून उंच हवी, आणि उंची नैसर्गिक हवी. भराव टाकला असेल तर अर्ज वेगळा आणि शुल्कही लागते. कागद पूर्ण पोचल्यावर साधारण ६० दिवसांत निर्णय येतो.

मंजुरीनंतर सरकारी सक्ती उठते. तरीही बँक स्वतःच्या अधिकारात विमा मागू शकते.

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांच्या कर्जकाळात ती २६ टक्क्यांवर जाते. २०२१मध्ये ‘आयडा’ चक्रीवादळाने न्यू जर्सीत नकाशाबाहेरची घरेही बुडवली. म्हणून लोमा जरूर मिळवा, पण विमा बंद करू नका.