तैलचित्र वाळते म्हणजे काय होते?

सातारा जिल्ह्यातील औंध येथे १९३८ साली स्थापन झालेल्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्मा यांची तैलचित्रे आहेत. रविवर्मा १९०६ साली वारले. म्हणजे ही चित्रे शंभराहून अधिक वर्षांची आहेत. तैलरंग बहुधा जवसाच्या तेलात कालवलेले असतात. तेल काही पाण्यासारखे उडून जात नाही. मग चित्र वाळते कसे?

जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घेते. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. शेंगदाण्याच्या तेलात हा गुण नाही. काचेच्या दोन तुकड्यांवर या दोन तेलांचे पातळ थर देऊन पंधरा-वीस दिवस निरीक्षण करा. फरक बोटाला कळेल.

चित्र वरून काही दिवसांत कोरडे लागते, पण आतील क्रिया पुढे महिनोन्‌महिने चालू राहते. म्हणून व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने लावण्याचा प्रघात आहे. घाई केल्यास व्हार्निश कच्च्या रंगात मिसळते, थराला तडे जाण्याचा संभव असतो. व्हार्निश हे चित्राचे काढता येणारे पांघरूण होय. धूळ व धूर त्यावर बसतो. पुढे ते पिवळे पडले, की तज्ज्ञ ते विरघळवून काढतात; खालचा पक्का रंग शाबूत राहतो. रंग कच्चा असेल तर तोही निघून येईल.

व्हार्निशसाठी कोरडा दिवस निवडावा. भिवंडीजवळचे दापोडे घ्या किंवा कोकणपट्टीतील कोणतेही गाव घ्या, पावसाळ्यात हवा दमट असते. अशा हवेत व्हार्निशवर पांढुरकी झाक येऊ शकते.

ब्रशातील रंगही असाच घट्ट होतो आणि मग टर्पेंटाईनलाही दाद देत नाही. म्हणून काम संपताच ब्रश फडक्याने पुसावा, टर्पेंटाईनमध्ये खळबळावा आणि फेस पांढरा येईपर्यंत साबण-पाण्याने धुवावा. केसांना बोटांनी आकार देऊन तो आडवा वाळवावा. टर्पेंटाईन ज्वालेपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावे.

आता उरले ते फडके. तेल ऑक्सिजन घेते तेव्हा उष्णता निर्माण होते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. चुरगळून ढिगात टाकलेल्या फडक्यांत मात्र ती साठत जाते आणि काडी न लावताही ती पेट घेऊ शकतात! म्हणून शाळेच्या चित्रकला वर्गात अशी फडकी पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत. चित्र टिकवणारी क्रियाच निष्काळजीपणामुळे वर्ग जाळू शकते, हे विसरू नये.