काही पाने उघडतात, काही अडतात!

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उद्या संपते आहे. शाळेच्या संगणकावर बातम्यांचे संकेतस्थळ झटकन् उघडते, पण अर्जाचे पान येतच नाही. इंटरनेट बंद म्हणावे, तर ते चालू आहे! असे का बरे होते? (अर्ज मात्र आधी मोबाइलवरून भरून टाका. शोध मागाहून घेता येईल.)

प्रथम संगणकाची तारीख पाहा. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला, की संगणक जुनीच तारीख धरून बसतो आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटू लागतात. संकेतस्थळाच्या नावावरून अंकी पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा चुकली, तरीही पान येत नाही. पण या दोन्ही प्रसंगी ब्राउझर बहुधा तसे सांगतो. आपल्या उदाहरणात तो काहीच सांगत नाही. जोडणी होते, मजकूर तेवढा येत नाही. ही खूण फार महत्त्वाची.

माहिती तारेतून अखंड वाहत नाही. तिचे लहान लहान गठ्ठे केलेले असतात. इथरनेटवर असा गठ्ठा सामान्यतः जास्तीत जास्त १५०० बाइटांचा असतो. परंतु कित्येक ब्रॉडबँड जोडण्यांत पीपीपीओई ही पद्धत असते. तिचे ८ बाइटांचे जादा वेष्टन चढते, म्हणून आत १४९२ बाइटच मावतात. रेल्वेपुलाअलीकडे उंची मोजणारी लोखंडी कमान असते ना, तसेच हे. १५०० बाइटांचा गठ्ठा आला, की वाटेतला राउटर तो टाकून देतो व पाठवणाऱ्या सर्व्हरला चिठ्ठी धाडतो: 'लहान गठ्ठे पाठवा.' शहाणा सर्व्हर ऐकतो. पण काही ठिकाणी सुरक्षिततेच्या नावाखाली अशा सगळ्याच चिठ्ठ्या दारात अडवतात. ही खबरदारी नव्हे, अतिरेक आहे! तो सर्व्हर बिचारा तेवढाच मोठा गठ्ठा पुनःपुन्हा पाठवत राहतो. जोडणीच्या आरंभीचे गठ्ठे लहान असतात, म्हणून ते सुखरूप पोहोचतात. आता कळले ना, काहीच पाने का अडतात ते?

पडताळा स्वतः घ्या. विंडोजमध्ये 'पिंग' या आज्ञेला 'तुकडे करू नका' अशी सूचना आणि मजकुराचा आकार देता येतो. पिंगला उत्तर देणारा बाहेरचा एखादा पत्ता निवडा व आकार १४७२ द्या. त्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवले, की १५०० होतात. मग १४६४ देऊन पाहा. पहिल्याला उत्तर नाही आणि दुसऱ्याला आहे, तर चोर सापडला.

उपाय सोपा आहे. संगणकाच्या जोडणीची कमाल गठ्ठा-मर्यादा, म्हणजे एमटीयू, १४९२ करा. जोडणी होतानाच संगणक समोरच्या सर्व्हरला आपली मर्यादा कळवतो, त्यामुळे चिठ्ठीची गरजच उरत नाही. १४६४ लाही उत्तर आले नाही, तर आकार थोडाथोडा कमी करीत जा. उत्तर देणाऱ्या सर्वांत मोठ्या आकारात २८ मिळवा. ती तुमच्या जोडणीची मर्यादा.