साथीच्या काळात पायांचा दवाखाना : पोडियाट्री निवडण्याआधी

बारावीनंतर एमबीबीएसखेरीज आरोग्यक्षेत्रातली दुसरी वाट शोधणाऱ्या मुलांच्या घरात २०२० पासून एक प्रश्न हमखास निघतो. दिवसभर रुग्णाच्या जवळ बसून करायचं काम. उद्या पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर मुलीच्या जिवाचं काय, आणि दवाखाना बंद ठेवावा लागला तर पोटाचं काय? पोडियाट्री, म्हणजे पाय आणि घोट्याच्या आजारांवरचे उपचार, या व्यवसायाबद्दल तर तो अधिकच कळकळीने विचारला जातो, कारण हे काम हात लावल्याशिवाय होत नाही. आईवडिलांची ही काळजी रास्त आहे. पण तिचं उत्तर भीतीत शोधण्यापेक्षा २०२० मध्ये प्रत्यक्ष काय घडलं त्यात शोधावं. ते नीट पाहिलं तर दिसतं की दवाखाना सुरक्षित चालवणं ही शिकता येणारी, मोजता येणारी आणि तपासता येणारी विद्या आहे. जो अभ्यासक्रम ती मनापासून शिकवतो, तो निवडायला घाबरण्याचं कारण नाही.

हा व्यवसाय जिथे जुना आणि सुसंघटित आहे, त्या ब्रिटनचं उदाहरण घेऊ. २६ मार्च २०२० रोजी इंग्लंडमध्ये टाळेबंदीचे नियम लागू झाले. त्यांत केशकर्तनालयं, ब्यूटी सलून आणि नखांची सजावट करणारी दुकानं बंद करण्याचा आदेश होता. पायांचे दवाखाने मात्र दंतवैद्य आणि चष्म्याच्या दवाखान्यांसोबत चालू ठेवण्याच्या यादीत होते. नखं दोन्ही ठिकाणी कापली जात होती, तरी कायद्याने एका कामाला हौस मानलं आणि दुसऱ्याला उपचार. पोटाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

असा भेद का झाला, हे मधुमेहाकडे पाहिलं की उमगतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसांची संवेदना जाते आणि रक्तपुरवठाही मंदावतो. चपलेतला खडा टोचत नाही, फोड आलेला कळत नाही, घट्ट्याखाली जखम होते आणि ती चिघळेपर्यंत माणूस चालत राहतो. मधुमेहामुळे पाय कापावे लागतात त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अशा साध्या जखमेतूनच झालेली असते. जखम लॉकडाऊन उठण्याची वाट पाहत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१५ पासूनची सूचना अशी आहे की पायाला जखम किंवा जंतुसंसर्ग झालेल्या मधुमेहीला कामकाजाच्या एका दिवसाच्या आत तज्ज्ञांकडे पाठवावं. पाय किंवा जीव धोक्यात असेल तर थेट रुग्णालयात. साथीमुळे या सूचनेमागचं कारण नाहीसं झालं नाही.

मग सगळ्यांनाच बोलवायचं का? नाही. साथीच्या काळात दवाखान्याचं पहिलं संरक्षण होतं निवड. कोणाला आज बोलवायचं, कोणाला फोनवर सल्ला द्यायचा आणि कोणाला सरळ रुग्णालयात धाडायचं, हे रुग्ण दाराशी येण्याआधी ठरवावं लागे. फोनवर ताप-खोकल्याची चौकशी तर होतीच, पण खरे प्रश्न पायाचे होते. जखम कधीपासून आहे? पू येतो का, वास येतो का? लाली वर सरकते आहे का? बोट काळं किंवा गार पडलं आहे का? संवेदना गेलेल्या मधुमेहीचा एकच पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला असेल, तर फारसं दुखत नसलं तरी हाडं-सांधे ढासळत असण्याचा धोका असतो. त्याला थांबवून ठेवून चालत नाही. उलट निरोगी माणसाचं कुरूप महिनाभर थांबू शकतं. ही निवड करायला शरीरशास्त्र पक्कं लागतं. ते तीन-चार वर्षांच्या पदवीत आणि रुग्णांसमोरच्या प्रत्यक्ष कामात तयार होतं, आठवडाभराच्या शिबिरात नाही.

निवडीनंतर खोलीचा क्रम येतो. पोडियाट्रिस्ट रुग्णाच्या पायाशी बसतो, म्हणून दोघांच्या तोंडांमध्ये दंतवैद्याच्या कामापेक्षा जास्त अंतर राहतं. पण बंद खोलीत वीस-तीस मिनिटं एकाच हवेत बसलं की त्या अंतराचा उपयोग कमी होतो. म्हणून खिडक्या उघड्या, दोन रुग्णांमध्ये मोकळा वेळ, प्रतीक्षाकक्षातल्या खुर्च्या कमी आणि सोबत गरज असेल तरच एक माणूस. बुरशीने जाड झालेलं नख ड्रिलने घासलं की बारीक धूळ हवेत तरंगते. ही धूळ श्वासावाटे जाते आणि अपायकारक ठरते, हे कोरोनाच्या आधीपासून माहीत आहे. त्यामुळे शक्य तेवढं नख कटरने आधी उतरवायचं, धूळ ओढून घेणारं ड्रिल वापरायचं आणि मास्क नाकावर घट्ट बसवायचा. अवजारं आधी घासून स्वच्छ धुवायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालायची, कारण रक्त किंवा मळ चिकटलेल्या अवजाराचं निर्जंतुकीकरण भरवशाचं होत नाही. १३४ अंश सेल्सियसला किमान तीन मिनिटं, आणि प्रत्येक फेरीची नोंद वहीत. खुर्चीवर जंतुनाशक फवारून लगेच पुसलं तर ते वाया जातं. बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते दिवसाच्या शेवटच्या रुग्णालाही पहिल्याइतक्याच काटेकोरपणे करणं.

एवढं करूनही धोका शून्यावर येत नाही, हा आक्षेप खरा आहे. तो मान्य करूनच पुढे जायला हवं. लस, मास्क आणि हवा खेळती ठेवणं यांनी धोका घटतो, संपत नाही. ज्या मुलामुलींना स्वतःला फुप्फुसाचा किंवा प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार आहे, त्यांनी प्रवेशाआधी डॉक्टरांशी बोलावं. इतरांनी हेही ध्यानात घ्यावं की साथीत किराणा दुकानदार, बसचालक, बँकेतला कारकून यांनाही लोकांमध्ये वावरावंच लागलं, आणि त्यांतल्या अनेकांना संसर्ग टाळण्याचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. आरोग्यसेवेत धोका आहे, पण तो ओळखून आवरण्याचं शिक्षणही तिथेच मिळतं.

दुसरा आक्षेप कमाईचा. नेहमीची नखं-कुरुपं पुढे ढकलली गेली की केवळ त्यांवर चालणाऱ्या खासगी दवाखान्याचं उत्पन्न आटतं, हे नाकारता येत नाही. यातून धडा घ्यावा तो कौशल्याचा. जखमांची निगा, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने संवेदना तपासणं, डॉपलरने रक्तप्रवाह पाहणं, जखमेवरचा दाब हटवणारी पादत्राणं ठरवणं, हे ज्याला येतं त्याची गरज वाईट काळातही राहते. व्हिडिओ कॉल हे काम हिरावून घेईल, ही भीतीही अनाठायी आहे. जखम भरते आहे की नाही हे फोटोवरून पुष्कळसं कळतं, पण पायाची नाडी, ऊब आणि मेलेली कातडी काढण्याचं काम हातालाच जमतं.

आता आपल्याकडचं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. इतक्या पावलांची निगा राखणारे प्रशिक्षित हात मात्र अगदी थोडे आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पोडियाट्रिस्टला यादीत स्थान दिलं, तरी पदवीच्या संधी अजून मोजक्याच आहेत. त्यामुळे बहुतेकांना फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा वैद्यकीय पदवीनंतर मधुमेही पायांच्या प्रशिक्षणाकडे वळावं लागतं, नाहीतर परदेशी जावं लागतं. ही वाट लांब आणि खर्चाची आहे, हे मुलांना आधीच सांगावं. ‘लोकांच्या पायांशी बसायचं काम’ म्हणून नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांचं मात्र मनावर घेऊ नये. एखाद्या कमावत्या माणसाचा पाय वाचला तर त्याचं घर वाचतं. याहून प्रतिष्ठेचं काम कोणतं?

प्रवेश घेण्याआधी पालकांनी संस्थेत जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. या पदवीवर कोणत्या देशात, कोणत्या परिषदेकडे नोंदणी होते? ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे, आणि तिथल्या ‘एचसीपीसी’ या नियामक परिषदेकडे नोंदणी नसेल तर ती लावता येत नाही. प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम करायला मिळतं? संसर्ग-नियंत्रण हा परीक्षेचा विषय आहे, की पहिल्या दिवसाचं एक व्याख्यान? आणि शिकाऊ दवाखान्यातली ऑटोक्लेव्हची नोंदवही बघायला मिळेल का? जी संस्था ती वही दाखवायला कचरते, तिथे फी भरू नका. जी मोकळेपणाने दाखवते, तिथे आपल्या मुलीला निर्धास्त पाठवा.