गावचे वाचनालय आणि मुलांचे वाचन

शाळेत चार-पाच इयत्ता शिकलेला मुलगा शाळा सुटल्यावर दोन-तीन वर्षांतच अडखळत वाचू लागतो, ही तक्रार खेड्यातील आईबाप वारंवार करितात. दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे. क्रमिक पुस्तकाखेरीज ज्याच्या हाती दुसरे पुस्तक कधी पडले नाही, त्याच्या विद्येस पडून राहिलेल्या फाळाप्रमाणे गंज चढतो.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखिली. १९०६ साली त्यांनी आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु शिकलेले टिकावे कसे, हा प्रश्न राहिलाच. म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी गावोगाव वाचनालये काढण्यास आरंभ केला. वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. गावकऱ्यांनी प्रथम आपला वाटा जमवावा, मग प्रांत पंचायत व सरकार ह्यांनी तेवढीच भर घालावी, असा नियम होता. हा नियम आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पदरचे चार पैसे घातलेल्या कपाटाची राखण गाव आपण होऊन करितो.

मद्रास इलाख्यातील मन्नारगुडी येथे १९३१ साली बैलगाडीतून पुस्तके खेड्यांत जाऊ लागली. पण स्वयंसेवकांच्या श्रमाचे फळ पाहावयाचे तर केरळाकडे पाहावे. पी. एन. पणिक्कर हे शिक्षक. १९४५ साली सत्तेचाळीस ग्रामीण वाचनालये एकत्र करून त्यांनी त्रावणकोरात ग्रंथशाळा संघ स्थापिला. पुढे ते खेडोपाडी हिंडले आणि हजारो वाचनालये संघास येऊन मिळाली. १९ जून हा त्यांचा स्मृतिदिन केरळात वाचनदिन म्हणून पाळितात. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील भिलार गावी ४ मे २०१७ पासून घराघरांत मराठी पुस्तके मांडिली आहेत. योजना सरकारची खरी, परंतु ओसरी व खोली मोकळी करून दिली ती गावकऱ्यांनी.

आता आपल्या गावाचे बोलू. पैशाची अडचण मोठी नाही, किल्लीची आहे! कपाटास कुलूप, किल्ली एका थोर गृहस्थाच्या खिशात, व गृहस्थ तालुक्याला गेलेले, अशी वाचनालये आम्ही पुष्कळ पाहिली. पुस्तक फाटेल ह्या भयाने ते मुलांपासून दूर ठेवणे म्हणजे बी पेरले तर कमी होईल म्हणून कणगीतच ठेवणे होय. पुस्तके मुलांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर उघडी मांडावी. देवघेवीची वही दोन मोठ्या मुलांनी लिहावी. फाटलेले पान शिवण्यास सुई-दोरा व खळ पुरते.

वेळ ठरविताना मुलींचा विचार अगोदर करावा. पाणी, गुरे, धाकटे भावंड ह्यांतून मुलीस सायंकाळी सवड होत नाही. तिच्यासाठी पुस्तक घरी नेण्याची मुभा अवश्य असावी. ज्यास नीट वाचता येत नाही त्यास लाजवू नये. शिक्षकाने किंवा उपदेशकाने आठवड्यातून एकदा एखादी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी आणि ती रंगात आली म्हणजे पुस्तक मुलांच्या स्वाधीन करावे. उरलेली पाने ती कशीबशी लावतातच.

पुस्तके कोठून आणावी? प्रथम बुक्स ह्या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी बालकथा विनामूल्य मिळतात. त्या छापून दोऱ्याने टाचता येतात. पुढे वाचनालय वाढले तर १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता मिळवून अनुदान मागता येते. त्यासाठी हिशेब व नोंदी पहिल्या दिवसापासून नीट ठेवाव्या, आणि कोणते पुस्तक कोणत्या मुलाने किती वेळा नेले हेही त्याच वहीत लिहावे. पुढच्या खेपेस काय विकत घ्यावे हे त्यावरूनच ठरवावयाचे आहे.