गीताईतील वक्ते आणि गटवार बेरीज

आचार्य विनोबा भावे यांनी ‘गीताई’ची रचना ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात वर्धा येथे केली. गीतेच्या एका श्लोकास मराठीचा एक श्लोक, असे तिचे समश्लोकी स्वरूप आहे. त्यामुळे मूळ ग्रंथाची अध्यायरचना, श्लोकांचा क्रम आणि वक्त्यांचा पालट तीत जसाच्या तसा उतरला आहे. गीताईचे श्लोक किती, या प्रश्नाचे ‘सातशे’ हे उत्तर सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यांपैकी अर्जुनाचे किती आणि संजयाचे किती, असे विचारले की प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही. संख्याशास्त्रीय संगणनातील एका साध्या पद्धतीच्या साहाय्याने त्याचे उत्तर शोधणे आणि ते कितपत भरवशाचे आहे हे तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पद्धती

या पद्धतीस गटवार बेरीज म्हणता येईल. तिच्या पायऱ्या तीन : सामग्रीची गटांत विभागणी, प्रत्येक गटातील मूल्यांची बेरीज आणि आलेल्या उत्तरांची एका कोष्टकात मांडणी. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात सिद्ध केलेल्या ‘आर’ या संगणकीय भाषेत ‘ॲग्रिगेट’ ही आज्ञा हे काम एका ओळीत करते. कोणत्या स्तंभाची बेरीज करावयाची, ती कोणत्या स्तंभानुसार आणि कोणत्या क्रियेने, एवढेच तिला सांगावे लागते.

आपल्या कोष्टकात एक ओळ म्हणजे एका वक्त्याचे एक सलग भाषण. स्तंभ तीन : अध्याय, वक्ता, श्लोकसंख्या. दुसऱ्या अध्यायाच्या अशा सात ओळी होतात : संजय १, भगवान २, अर्जुन ५, संजय २, भगवान ४३, अर्जुन १, भगवान १८, एकूण ७२. अठराही अध्याय असे मांडून ‘वक्ता’ या स्तंभानुसार बेरीज केली असता श्रीभगवान ५७४, अर्जुन ८४, संजय ४१ आणि धृतराष्ट्र १ असे उत्तर येते. एकूण ७००.

२. गटांच्या सीमा

येथे दोन प्रकारचे दोष संभवतात. एखाद्या ओळीत संख्या लिहावयाची राहिली तर सूत्ररूपाने दिलेली ‘ॲग्रिगेट’ आज्ञा, वेगळी सूचना नसल्यास, ती ओळ न सांगता वगळते. हा दोष एकूण बेरजेत उघड होतो, कारण ७०० भरत नाहीत. दुसरा दोष मात्र बेरजेत दिसत नाही. एका ओळीत ‘श्रीभगवान’ आणि दुसरीत ‘श्री भगवान’ असे लिहिले तर संगणक दोन निराळे वक्ते मानतो. एकूण ७०० कायम राहतात आणि एक गट मात्र दुभंगतो.

याहून सूक्ष्म अडचण पहिल्या अध्यायात आहे. त्यातील २१ वा व २८ वा हे श्लोक मधोमध तुटतात : पूर्वार्ध संजयाचा, उत्तरार्ध अर्जुनाचा. प्रत्येकास अर्धा-अर्धा श्लोक दिला तर त्या अध्यायात संजयाचे २५ आणि अर्जुनाचे २१ होतात. श्लोक ज्याच्या मुखी संपतो त्याचा मानला तर तेच आकडे २४ आणि २२ होतात व अर्जुनाची एकूण संख्या ८५ वर जाते. तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचा एक अधिक श्लोक देणाऱ्या प्रतींतही, अर्ध्या श्लोकांची विभागणी पाळली तर, अर्जुनाचे ८५ च येतात, पण तेथे एकूण ७०१ असतात. एकाच आकड्यामागे अशी दोन सर्वस्वी भिन्न कारणे असू शकतात.

पहिल्या अध्यायातील ३ ते ११ हे नऊ श्लोक दुर्योधनाचे बोल आहेत. ते संजय सांगतो. ते संजयाकडे ठेवावयाचे की दुर्योधनाचा स्वतंत्र गट करावयाचा, हे कोणतीही आज्ञा ठरवू शकत नाही. तो निवेदनाविषयीचा, म्हणजे वाङ्मयीन, निर्णय आहे.

३. दोन स्तंभांनी वाचन

वक्ता आणि अध्याय या दोन्ही स्तंभांनुसार बेरीज केली असता अर्जुनाचे ८४ श्लोक समप्रमाणात विखुरलेले नाहीत, हे स्पष्ट होते. पहिल्या अध्यायात २१ आणि अकराव्यात ३३, म्हणजे दोनच अध्यायांत ५४. उलट बाराव्यापासून अठराव्यापर्यंतच्या २३१ श्लोकांत त्याचे अवघे ५ आहेत. अर्जुन भरभरून बोलतो तो विषादात आणि विश्वरूपदर्शनात. जिज्ञासू शिष्य म्हणून तो मोजकेच विचारतो. ‘कृष्णार्जुनसंवाद’ या संज्ञेतील संवादाचे स्वरूप या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे.

४. एका प्राचीन बेरजेची साक्ष

गटवार बेरीज आपल्या परंपरेस नवी नाही. महाभारताच्या भीष्मपर्वाच्या काही प्रतींत गीतेचे मान दिलेले आहे : केशवाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७, धृतराष्ट्राचा १, एकूण ७४५. प्रचलित पाठाशी तुलना करताना ‘४५ श्लोक अधिक’ एवढेच म्हणणे दिशाभूल करणारे ठरते. श्रीकृष्णाचे ४६ व संजयाचे २६ वाढतात, आणि अर्जुनाचे २७ घटतात. केवळ काही श्लोक गळाले असते तर प्रचलित पाठात कोणत्याही वक्त्याची संख्या वाढली नसती. म्हणून या भेदाच्या मुळाशी श्लोकांची नासधूस एवढेच कारण मानता येत नाही. मोजण्याच्या व वक्ता ठरविण्याच्या पद्धतीतील फरकाचाही विचार करावा लागतो.

सारांश, बेरीज यंत्राने करावी. गट मात्र अभ्यासकाने ग्रंथ वाचूनच करावेत, आणि ते कोणत्या नियमाने केले हे उत्तराबरोबर नोंदवावे. तशी नोंद नसेल तर ८४ आणि ८५ यांपैकी कोणता आकडा बरोबर, हा वाद मिटणार नाही.