शरीराचा हक्क

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. हे प्रेषित मुहम्मद (स.) यांना समजले तेव्हा त्यांनी त्यांना थांबविले आणि शरीराचाही आपल्यावर हक्क असतो, याची जाणीव करून दिली. ‘सहीह बुखारी’तील ही हदीस आपण इबादतीतील अतिरेक टाळण्यासंबंधी ऐकत आलो आहोत. परंतु रात्रभराच्या नमाजने थकणारी शरीरे आज आपल्यात किती आहेत? आपण हा हक्क बुडवितो तो बहुधा बसून राहून.

पाच वेळच्या नमाजमध्ये व्यायाम होतोच, असे पुष्कळ जण म्हणतात. रुकू-सजद्यांमुळे सांधे हलते राहतात, हे खरे. पण नमाज ही अल्लाहची इबादत आहे. तिला कसरत ठरविणे तिच्या दर्जाला शोभत नाही, आणि तिने दमही लागत नाही. धुळ्यातील यंत्रमागावर दिवसभर उभे राहणारा कारागीर आपला व्यायाम झाला असे समजतो. प्रत्यक्षात त्याची पाठ आखडते, पाय भरून येतात. हृदय व फुप्फुसांना हवे असलेले चालणे राहूनच जाते. जळगावच्या बाजारात गादीवर बसणाऱ्याची गोष्ट तर वेगळी सांगायलाच नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण नअत म्हणता येऊ नये, इतके. पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालले की हिशेब पुरा होतो. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, म्हणून फज्रनंतरची वेळच खरी. जळगावकरांना मेहरूण तलावाचा परिसर आहे, धुळेकरांना पांझरेचा काठ.

उरलेल्या दोन दिवशी घरातच आठ-दहा बैठका आणि भिंतीला हात टेकून तितकेच जोर, असे दोन-तीन वेळा करावे. आमचे काही तरुण आरशासमोर केवळ दंड फुगवितात आणि त्यासाठी इंजेक्शनेही टोचून घेतात. अमानत म्हणून मिळालेल्या शरीराशी हा सरळ अन्याय आहे. सवय नसेल त्याने दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. थोडे पण सातत्याने केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही हदीस येथेही वाट दाखविते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. चालताना छातीत दुखल्यास लगेच थांबून उपचार घ्यावेत.

आणि घरातील स्त्रिया? प्रेषितांनी (स.) प्रवासात हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, आणि पहिल्या वेळी त्या जिंकल्या होत्या. ‘अबू दाऊद’मध्ये ही हकीकत आहे. तरीही फज्रनंतर पुरुष फिरायला निघतात आणि आई किंवा पत्नी गुडघे धरून चुलीपाशी उभी असते. तो अर्धा तास तिला मिळावा म्हणून चहा आपण ठेवावा, मुलांचे डबे आपण भरावेत, किंवा तिला सोबत घेऊनच बाहेर पडावे. रमजानमध्ये इफ्तारची धांदल तिच्यावरच असते. तेव्हा तिच्यासाठी तरावीहनंतरची वेळ मोकळी ठेवावी.